डाव्या खिशातले चिंचोके

माझे व्याही उत्तम आबा यांना आम्ही अमेरिकेतलं एक राष्ट्रीय उद्यान दाखवायला नेलं आणि ते त्याच्या दारातल्या लोखंडी डब्याशेजारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून राहिले. आत गेलेच नाहीत. एवढं विमानाचं भाडं, मुलांची एवढी रजा, आणि माणूस दारात. पिंप्राळ्यात परत आल्यावर मी एवढंच सांगितलं की बायका हसायच्या. त्या दिवशी दुपारपर्यंत मीही हसले होते. संध्याकाळी जे झालं ते सांगायला लागले की मात्र कोणी हसत नाही.

आबा धुळे जिल्ह्यातले. सातपुड्याच्या पायथ्याशी एक लहानसं अभयारण्य आहे, त्याच्या नाक्यावर त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली. गाडी थांबवायची, पावती फाडायची, आडवा बांबू वर करायचा. त्यांचा मुलगा प्रशांत हा माझा जावई. मी जळगावची, पिंप्राळ्यात माझी रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. भावनेत वाहून जाणं मला परवडत नाही. नळीवर नाव-नंबर चिकटवला नाही तर एका पेशंटची साखर दुसऱ्याच्या नावावर जाते.

आबांची पहिली भेट नाक्यावरच झाली. माझ्या मुलीचं, केतकीचं ठरवायला आम्ही अकरा माणसं दोन गाड्या करून त्यांच्या गावी निघालो होतो. त्यांनी निरोप पाठवला, ड्यूटीवर आहे, आधी जंगल बघून घ्या, मग घरी जाऊ. आम्ही खूश झालो. होणारे व्याही जंगलाचे मालक असल्यासारखे आम्ही नाक्यावर उतरलो. आबा खाकी सदऱ्यात उभे होते. उंच, वाळके, कानांवर केस. हात जोडले, पाणी विचारलं आणि म्हणाले, "अकरा पावत्या."

आमच्या यांना वाटलं, थट्टा करताहेत. हे हसले. आबा हसले नाहीत.

"कॅमेरा शे का कोणाकडे? त्याची वेगळी."

मी गारच पडले. लग्न ठरवायला आलेल्यांना पोहे देतात, हे पावत्या देत होते. बरं, स्वतःच्या खिशातून भरतील म्हणावं तर तेही नाही. यांनी मुकाट्याने पैसे काढले. आबांनी प्रत्येक पावतीचा कोपरा फाडला आणि दर कोपऱ्यामागे एकेक चिंचोका टेबलावरच्या वाटीतून उचलून सदऱ्याच्या डाव्या खिशात टाकला. अकरा चिंचोके.

बाहेर निघताना ते दारात उभे. एकेक माणूस बाहेर आला की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. दहा झाले. अकरावा माझा धाकटा दीर. तो दिसेना. थोड्या वेळाने रस्त्यापलीकडच्या टपरीवरून त्याने हाक मारली, "अरे, मी इकडे!" गुटख्याची तलफ आली म्हणून पठ्ठ्या मागच्या बाजूने तारेखालून बाहेर पडला होता.

"बाहेरच आहे ना तो, आबा," मी म्हटलं. "चला आता."

"तारेतून निघाला, ते मी पाहिलं नाही," आबा म्हणाले. "परत आत जाऊ द्या. दारातून बाहेर येऊ द्या."

आणि माझा दीर, चाळिशीचा माणूस, पांढरी पँट, तोंडात गुटखा, बांबूखालून वाकून आत गेला आणि वळून बाहेर आला. आबांनी अकरावा चिंचोका उजव्या खिशात टाकला आणि त्यानंतर जो काही पाहुणचार केला, त्यात कसलीही कसर ठेवली नाही. घरी शेवभाजी होती, भरीत होतं, मला साडी होती. परतीच्या वाटेवर पारोळ्याजवळ दीर म्हणाला, "वहिनी, हे घर सोडा." यांनी मात्र सांगितलं, "माणूस विचित्र आहे, पण चोख आहे." लग्न झालं.

चौकशीत एक गोष्ट कानावर आली होती. आबांच्या नाक्यावर पूर्वी कधीतरी एक माणूस आत राहून मेला होता. चूक कोणाची निघाली नाही, एवढंच सांगणाऱ्याला माहीत होतं. जुनी गोष्ट म्हणून आम्हीही सोडून दिली.

पुढे येणं-जाणं वाढलं तशा त्यांच्या खोडी कळत गेल्या. बसमधून उतरले की आपल्याबरोबरची माणसं मोजायची. लग्नाच्या मांडवात दारात उभं राहायचं. आमच्याकडे मुक्काम असला की झोपण्याआधी उंबऱ्याबाहेरच्या चपलांचे जोड मोजायचे, एक जोड कमी दिसला तर विचारायचे, "बठ्ठा घरात उनात का?" म्हणजे सगळे घरात आले का. एकदा माझी चप्पल शिवायला टाकलेली होती, तर मी समोर उभी असूनही त्यांना चैन पडेना.

तसे काटकसरी म्हणाल तर पहिल्या नंबरचे. अर्धा कप चहा, जुनी पाकिटं उलटी करून वापरायची, रावेरला भाच्याकडे गेले की पॅकिंगमध्ये बाजूला काढलेली केळी पिशवीभर आणायची. पैसे वाचवण्याची कोणतीही युक्ती सांगा, लक्ष देऊन ऐकायचे आणि शेवटी एकच प्रश्न, "नियममा शे ना?" नियमात बसत असेल तर त्यांच्याइतका कंजूष माणूस नाही. बसत नसेल तर मग त्यांच्यापुढे बोलायची सोय नाही.

प्रशांत-केतकी अमेरिकेत जाऊन चार वर्षं झाल्यावर त्यांनी आम्हाला बोलावलं. यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि आबांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. म्हणजे जाणार कोण, तर मी आणि आबा. व्याही-विहीण एका विमानात जाणार म्हटल्यावर कॉलनीत दोन दिवस तोच विषय होता. मी लक्ष दिलं नाही. तिकीट स्वस्त पडत होतं.

तिकडच्या विमानतळावर एका अधिकाऱ्याने आबांची पिशवी उघडली. आत कापडी थैलीत मूठभर चिंचोके. बी-बियाणं देशात आणता येत नाही, असं त्या अधिकाऱ्याने सांगितलं आणि थैली सरळ कचऱ्यात टाकली. मी मनातच हिशेब सुरू केला, आता दंड किती. आबांनी हात पुढे केला.

"पावती?"

"काय म्हणताहेत ते?" अधिकाऱ्याने मला विचारलं. मी म्हटलं, थँक्यू म्हणताहेत, आणि त्यांना ओढत बाहेर नेलं. दोन दिवस ते रिकाम्या खिशाने फिरले. मग प्रशांतने पिस्ते आणले, आणि मी पाहिलं की ते टरफलं धुऊन, पुसून, मोजून ठेवत आहेत.

मुलांनी आठ दिवसांचा दौरा आखला होता. तिकडे मोठमोठी राष्ट्रीय उद्यानं आहेत आणि प्रवेशाचे पैसे बऱ्याच ठिकाणी माणशी नसतात, गाडीमागे असतात. गाडीत एक बसा नाहीतर सात, दर एकच. (आता परदेशी पाहुण्यांसाठी वेगळा दर केलाय, असं केतकी सांगते. आम्ही गेलो तेव्हा तसं नव्हतं.) मला हे फार आवडलं. माणसं कोंबून भरलेल्या काळी-पिवळी जीपमध्ये मी लहानपणापासून बसलेय. एका भाड्यात जास्त माणसं हा हिशेब मला समजतो. आबांना मात्र धक्का बसला.

"माणसं मोजत नही?"

"नाही आबा, गाडी मोजतात."

"मग मझार कितला गयात, कसं कळस?"

आत किती गेले ते कळणार कसं, हा त्यांचा प्रश्न. केतकी म्हणाली, "कळायची गरजच काय?" आबांच्या चेहऱ्याकडे पाहून मला वाटलं, आपली मुलगी काहीतरी अभद्र बोलली की काय.

पहिल्या मोठ्या उद्यानात केतकीने तिच्या ओळखीच्या भारतीय बायकांच्या ग्रुपवरची युक्ती केली. पैसे घेणारी माणसं सकाळी सात वाजता खिडकीत येतात. आपण साडेपाचला घुसायचं. रस्ता उघडाच असतो. आबा मागच्या सीटवर झोपले होते. आत एका दरीच्या काठावर लाकडी बाकावर मी दशम्या आणि चटणी काढली. समोर डोंगर लाल होत होते. आबांनी पहिला घास घेण्याआधी विचारलं, "पावती कोठे शे?"

प्रशांतने खरं सांगितलं. आबांनी दशमी खाली ठेवली आणि उठून गाडीत जाऊन बसले.

मग बापलेकांचं जे झालं ते मी ऐकायला नको होतं. प्रशांत तसा शांत मुलगा, पण त्या दिवशी त्याचा तोल गेला. "वीस-वीस रुपयांसाठी आयुष्यभर लोकांशी भांडलात, आबा! माझ्या सासरच्यांना दारात उभं केलंत! इथे कोणी विचारत नाही, कोणाचं नुकसान नाही, सगळे करतात!" आबा समोर बघत होते. "गाडी फिरव," एवढंच म्हणाले. केतकीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या बाजूची होते, सरळ सांगते. फुकट जाता येत असेल तर जावं, असंच माझं मत होतं. पण तो माणूस गाडीतून उतरणार नाही हेही मला दिसत होतं.

गाडी फिरवली. दारात येईपर्यंत रांग लागली होती. रांगेतल्या त्या तासाभरात केतकीने मैत्रिणीला फोन लावला आणि वर्षभर सगळीकडे चालणारं एकच कार्ड काढायचं ठरवलं. त्या कार्डामागे दोन सह्यांची जागा होती. दोघींनी निम्मे-निम्मे पैसे भरायचे आणि पाळीपाळीने वापरायचं. पाच ठिकाणं बघायची होती, म्हणजे ठिकाणागणिक अगदी किरकोळ खर्च. रोज साडेपाचला घुसायला उठण्यापेक्षा हेच परवडलं.

"नियममा शे ना?" आबांनी विचारलं.

"आहे, आबा. कार्डावरच दोन रेघा आहेत."

"मग बेस," म्हणाले आणि गार दशमी मागून घेतली. साठीच्या पुढच्यांना आणखी सूट असते, पण ती त्यांच्याच देशाच्या लोकांना, हे कळल्यावर ते दिवसभर नाराज होते, तो भाग वेगळा.

आता तो डबा.

चौथ्या दिवशी आम्ही वाळवंटाच्या बाजूच्या एका कमी गर्दीच्या उद्यानात गेलो. आत जाणारा एकच रस्ता, तोच बाहेर येणारा. दारात खिडकी नाही, माणूस नाही, दोरीसुद्धा नाही. माहितीच्या फळ्यावर पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली जमिनीत रोवलेला एक लोखंडी डबा. बाजूला पाकिटं ठेवलेली. पाकिटावर गाडीचा नंबर लिहायचा, पैसे घालायचे, चिठ्ठी फाडून गाडीच्या आरशाला अडकवायची, पाकीट डब्यात टाकायचं. झालं.

आबा डब्याभोवती एक चक्कर मारून आले. हात लावून पाहिला.

"डबा कोन देखस?"

"कोणीच बघत नाही, आबा. विश्वासावर आहे."

"आणि मझार गेलेला बाहेर उना का, ते?"

"तेही कोणी नाही बघत."

मी त्यांना इतकं हादरलेलं कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे कार्ड होतं, त्यामुळे पाकिटाची गरज नव्हती. आबांनी तरी एक पाकीट घेतलं, प्रशांतला त्यावर गाडीचा नंबर आणि चार माणसं असं लिहायला लावलं आणि रिकामं पाकीट डब्यात टाकलं. मग फळ्याखालच्या बाकावर बसले. "तुम्ही जाऊन या. मी आठेच बसस." इथेच बसतो, म्हणाले.

समजावलं, चिडलो, पाण्याचे तीन कॅन ठेवले आणि गेलो. साडेदहाला बघायला परत आलो तर ते जागचे हलले नव्हते. डाव्या खिशात टरफलं खुळखुळत होती. येणाऱ्या गाड्यांतले लोक त्यांना उद्यानाचाच माणूस समजून पाकिटं त्यांच्या हातात देत होते, आणि ते गंभीरपणे डब्याकडे बोट दाखवत होते. एका बाईने त्यांच्याबरोबर फोटो काढला म्हणे. मी पोट धरून हसले. दगड मला पुरेसे बघून झाले होते, ऊन चटके देत होतं, म्हणून मी त्यांच्याजवळ थांबले आणि मुलं पुन्हा आत गेली.

तेवढ्यात एक निळी गाडी आली. पुढे एक मुलगा आणि एक मुलगी, पंचविशीच्या आतली. आबा उठले, नाक्यावर करायचे तसा हात आडवा केला आणि डबा दाखवला. मुलगा हसला, त्याने खिडकीतून हात हलवला आणि गाडी तशीच आत घेतली. पाकीट नाही, चिठ्ठी नाही.

आबांनी खिशातून जुनं उलटं केलेलं पाकीट काढून नंबर लिहून घेतला. इंग्रजी वाचता येत नसलं तरी गाड्यांचे नंबर लिहून लिहून अक्षरं पाठ होती. दोन टरफलं डाव्या खिशात टाकली.

"जाऊ द्या हो, आबा," मी म्हटलं. "वाचवले असतील चार पैसे. आपण काय केलं परवा?"

ते माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"विहीणबाई, आमच्या गावात गोकुळ मास्तर होते. आपल्या परशाचेच, प्रशांतचेच मास्तर. पाखरांचा नाद. रविवारी सायकल घेऊन नाक्यावर यायचे. वीस रुपये पावती. मास्तरांचा पगार तो काय, त्यात दर रविवारी वीस रुपये. एका रविवारी मी म्हटलं, मास्तर, तुमच्याकडून काय घ्यायचं, जा असेच. लई खूश झाले. पावती नाही, मग चिंचोका नाही. संध्याकाळी डावा खिसा रिकामा झाला. मी बांबू पाडला, कुलूप लावलं, घरी गेलो. जेवलो."

एक गाडी बाहेर आली, त्यांनी तिची टरफलं उजव्या खिशात टाकली.

"मास्तर एकटे राहायचे. सोमवारी शाळेत आले नाहीत, लोकांना वाटलं, गावी गेले असतील. मंगळवारी मला झाडामागे सायकल दिसली. नाल्यात पडले होते. मांडीचं हाड मोडलेलं. डॉक्टर म्हणे, जीव सोमवारी दुपारून गेला. म्हणजे रविवारच्या रात्री जिवंत होते. हाका मारल्या असतील." जरा थांबून म्हणाले, "माझ्यावर काहीच आलं नाही. वहीत नावच नव्हतं तर ते आत गेले हे कोण सांगणार? लोक म्हणे, तारेतून घुसले असतील. मीही बोललो नाही. वीस रुपये वाचवले मी त्यांचे."

चौकशीत कानावर आलेली ती गोष्ट ही होती. माझ्या दिराला बांबूखालून वाकवलं होतं, ते का, तेही कळलं. आम्ही त्या गोष्टीवर घरी बसून किती तरी वेळा हसलो होतो.

"परशाले माहीत नही," ते म्हणाले. "मास्तर वारले, एवढंच त्याले ठाऊक. चौथीत होता."

दुपार सरली. गाड्या बाहेर येत गेल्या, टरफलं एकेक करून उजव्या खिशात गेली. मी सुद्धा आता रस्त्याकडे बघत होते, खोटं कशाला बोलू. पाचच्या पुढे मुलं परतली. पुढचा मुक्काम तीन तासांवर होता.

"चला आबा, बसा."

"दोन जण मझार शेतस."

प्रशांतने कपाळाला हात लावला. आत मुक्कामाची सोय असेल, तंबू लावला असेल, तुमचं हे काम नाही, तुम्ही रिटायर झालात, हा तुमचा देशही नाही. केतकीने नकाशा पाहिला. आत तंबूची जागा नव्हती, सूर्य मावळला की सगळ्यांनी बाहेर पडायचं होतं. "येतील हो," ती म्हणाली. "अजून उजेड आहे." आबा बसून राहिले. प्रशांतने माझ्याकडे पाहिलं, सासूबाई तुम्ही तरी सांगा. मी म्हटलं, "थांबू या." माझ्याच आवाजाचं मला नवल वाटलं.

सहाच्या सुमारास डबा रिकामा करायला एक बाई आली. तिशीची असेल, डोक्यावर मोठी टोपी. केतकी म्हणाली, "आबा, या रेंजर आहेत." रेंजर म्हटल्याबरोबर आबा ताडकन उभे राहिले आणि त्यांनी सलाम ठोकला. बाईने गोंधळून सलाम घेतला. प्रशांत तिची माफी मागायला लागला, वडील जुने वनखात्यातले आहेत, मनावर घेऊ नका. तिने त्याला थांबवलं आणि केतकीला विचारलं, ते काय म्हणताहेत?

केतकीने सांगितलं. निळी गाडी, साडेदहा-अकराच्या दरम्यान, दोघं, पाकीट टाकलं नाही, बाहेर आली नाही. आबांनी पाकिटावरचा नंबर पुढे केला. बाईने तो वाचला, मग आबांकडे पाहिलं. "हे दिवसभर इथे होते? प्रत्येक गाडी मोजली?" आबांनी डावा खिसा उलटा करून दाखवला. दोन टरफलं.

हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. गाडीत बसली आणि आत गेली. तिच्यामागे धूळ बराच वेळ दिसत होती.

दोन तासांनी तिची गाडी परत आली आणि पाठोपाठ बाहेरून एक ॲम्ब्युलन्स आली. निळी गाडी रस्त्याच्या टोकाला उभी होती. तिथून पायवाटेने बरंच आत मुलीचा पाय मुरगळून सुजला होता, फोनला रेंज नव्हती, पाणी दुपारीच संपलं होतं. मुलगा मदत आणायला निघाला आणि वाट चुकून भलत्याच बाजूला चक्कर येऊन पडला होता. दोघं जिवंत होती. त्या मुलाला स्ट्रेचरवरून नेताना मी पाहिलं. ओठ फुटलेले, चेहरा मातीच्या रंगाचा. सकाळी खिडकीतून हात हलवणारा हाच, हे पटायला मला वेळ लागला. बाई म्हणाली, कुठे जातो ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, पाकीट नव्हतं. त्या टोकाला रेंजरची गाडी परवापर्यंत फिरकली नसती, असंही तिने सांगितलं.

प्रशांत खाली रस्त्यावरच बसला.

आबांनी दोन टरफलं डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकली. मग केतकीला हळूच विचारलं, "बेटा, त्यास्नी पैसा भरात का?"

केतकीने हे बाईला सांगितलं. बाई पहिल्यांदा हसली. म्हणाली, उद्या पाकीट पाठवते म्हणावं दवाखान्यात.

पुढच्या पेट्रोल पंपावर मी प्रशांतला बाजूला घेऊन गोकुळ मास्तरांचं सांगितलं. सांगायला हवं होतं का, माहीत नाही. मला वाटलं, त्याला कळलं पाहिजे. तो गाडीत परत आला, मागचं दार उघडून बापाच्या शेजारी बसला आणि केतकीला म्हणाला, तू चालव.

शेवटच्या, पाचव्या उद्यानात आबा आत आले. दारात खिडकी होती, आत जाणाऱ्या प्रत्येक गाडीत किती माणसं ते खिडकीतली बाई लिहून घेत होती. आबांनी तिचं काम दोन मिनिटं बघितलं आणि मान डोलावली.

परत आल्यावर मी आमच्या गल्लीतल्या चिंचेखालचे मूठभर चिंचोके वेचून त्यांना धुळ्याकडे पाठवून दिले. त्यांचा फोन आला, "मोजले. चौपन्न निघाले." आभार वगैरे काही नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीचं दुखणं वाढलं, तेव्हा त्यांना जळगावला आणलं. दवाखाना माझ्या ओळखीचा, धावपळ माझीच. प्रशांत निघाला होता. तो मुंबईत उतरला तेव्हा उशीर झालेला होता. त्याच्या आदल्या दुपारी मी आबांना भेटायला गेले. खालचा वॉचमन मला रोज बघतो, त्याने पासशिवाय सोडलं. वर गेले. आबांच्या नाकाला नळी होती, आवाज फार खोल गेलेला.

"पास?" ते म्हणाले.

"आबा, मला ओळखतात इथे. पास लागत नाही मला."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी रागावले, कबूल करते. तीन मजले, लिफ्ट बंद. तरी खाली गेले, रांगेत उभी राहिले, पासवर नाव लिहून घेतलं, दम लागलेला असताना वर आले आणि पास त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, तारीख पाहिली. कोपरा फाडायला त्यांना फार वेळ लागला. मी मदत केली नाही. फाडून झाल्यावर पास मला परत दिला आणि म्हणाले, "बसा, विहीणबाई."

दहा मिनिटं बसले. केतकीचं सांगितलं, प्रशांतचं विमान सांगितलं. ते ऐकत होते, की नव्हते, कळत नव्हतं. लॅबमध्ये पेशंट थांबले होते, म्हणून उठले. दारापर्यंत गेले आणि पर्स चाचपताना सहज मागे वळून पाहिलं. त्यांनी डावी मूठ छातीवर आणून उघडली होती. तळव्यावर एकच चिंचोका होता. त्यांनी तो उचलून उजव्या हातात घेतला आणि मूठ मिटली.